बाहेरचं आत चालत नाही

यंदा देवीपुढची सगळी रोषणाई मी एका बोटावर चालवून दाखवीन, असं मी मंडळाच्या सभेत बोलून बसलो. ‘बोलून बसलो’ हे आमच्या सौ. विमलचं म्हणणं. माझ्या मते मी घोषणा केली. अध्यक्षाच्या तोंडून जे निघतं ती घोषणाच असते, मग ते चहाच्या नादात का निघेना.

आमच्या यवतमाळात नवरात्र म्हणजे काय, हे यवतमाळकराला सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून पटत नाही. चौकाचौकांत देवी बसते, घराघरांतली भांडणं दसऱ्यापर्यंत तहकूब होतात, कारण तेवढ्या काळाला मंडळातली भांडणं पुरून उरतात. आर्णी रोडवरच्या आमच्या लेआउटच्या, म्हणजे वसाहतीच्या, मंडळात सदाशिवराव ठोंबरे इतकी वर्षं अध्यक्ष होते, की नवी पोरं ‘अध्यक्ष’ हे त्यांचं आडनाव समजायची. यंदा ते गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी नागपूरला गेले, तेवढ्यात सभा झाली आणि मी निवडून आलो. परत आल्यावर ते काठी टेकत माझ्या घरी आले, पोहे खाल्ले आणि म्हणाले, “गावंडे साहेब, लाइट तेवढे लागले पाह्यजे बरं. बाकी आमचं काई म्हणणं नाई.” त्यांच्या कारकिर्दीत लाइट नेमके आरतीच्या वेळी जायचे, हे मी बोललो नाही. बांधकाम विभागात उभा जन्म काढलेल्या माणसाला बोलायचं ते गिळता येतं.

रोषणाईची कल्पना मला फोनमुळे सुचली. आमचे चिरंजीव आयुष पुण्याला असतात. त्यांनी मला एक महागडा फोन पाठवला. कंपनीचं नाव घेत नाही, पण असा फोन आमच्या लेआउटमध्ये दुसऱ्या कोणाकडे नव्हता. पानठेल्यावर तो टेबलावर ठेवला की लोक आपले फोन उचलून खिशात घालायचे. आता एवढा फोन हातात असताना देवीपुढे त्याच त्या लुकलुकणाऱ्या माळा कशाला, म्हणून मी नागपूरहून नव्या तऱ्हेचे दिवे मागवले. दिव्यांसोबत एक काळी डबी येते. ती मोबाइलशी जोडली की देवीमागे कमळ उमलतं, सिंहाची आयाळ हलते आणि महिषासुराच्या डोळ्यांत लाल दिवे पेटतात. मंडळाने वर्गणीतले पैसे दिले. सदाशिवरावांनीही दिले, आणि देताना माझ्याकडे बघून हसले. ते हसणं मला आवडलं नाही.

त्याच सभेत मी आणखी एक ठराव मांडला होता. तो किरकोळ होता, पण क्रमात सांगायला हवा. आदल्या वर्षी कोणीतरी पलीकडच्या गल्लीतून साबुदाण्याची उसळ आणून वाटली होती आणि अर्धा लेआउट आरतीऐवजी घरी अडकून पडला होता. म्हणून मी ठराव केला, की ‘भाविकांच्या सुरक्षिततेसाठी, मांडवाबाहेर शिजलेला कोणताही प्रसाद मांडवात आणता येणार नाही.’ प्रसाद मंडळाने नेमलेला आचारीच मांडवात शिजवील. शिवाय सदाशिवरावांनी नंतर गडबड करू नये म्हणून मी एक पाचरही मारून ठेवली. कोणताही ठराव बदलायचा तर पंधरवडाभर आधी फळ्यावर सूचना लावली पाहिजे.

आता दर अष्टमीला आमच्या शेजारच्या बिजलीबाई राठोड घरून लापसीची कढई आणतात, हे मला ठाऊक होतं. गव्हाचा भरडा, गूळ आणि वर तूप, बस एवढंच. पण त्या लापसीसाठी रांग कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत जाते. त्या स्वतः देवीसमोर उभ्या राहून “याडी, गोड मानून घे” म्हणतात (याडी म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत आई), आणि मगच डाव घालतात. पण नियम म्हणजे नियम. त्यांचे यजमान शंकरसिंग, एसटीतले निवृत्त कंडक्टर, सभेला हजर होते. ठराव एकमताने मंजूर झाला. शंकरसिंगांनी हात वर केला नव्हता, पण त्यांचा खांदा दुखतो असं मी धरून चाललो.

दिवे आले. मांडवाचे बांबू उभे राहत होते तेव्हाच मी मोठ्या झोकात डबी उघडली, तिच्यावरचा चौकोनी छाप फोनला दाखवला आणि वाट बघितली. फोनवर अक्षरं आली. ‘हे अ‍ॅप आमच्या दुकानातून आलेले नाही. तुमच्या सुरक्षिततेसाठी ते बसवता येणार नाही.’

मी परत दाखवला. फोनने परत तेच सांगितलं. मी चष्मा पुसला, डबी पुसली, शेवटी फोनही पुसला. शेजारी सदाशिवराव खुर्ची टाकून बसले होते. “काय म्हणून राह्यला फोन?” त्यांनी विचारलं.

“थोडा वेळ लागेल म्हणतो,” मी म्हणालो.

घरी येऊन आयुषला फोन लावला. तो म्हणाला, “बाबा, ती कंपनी बाहेरचं काही आत घेऊच देत नाही. अ‍ॅप त्यांच्याच दुकानातून घ्यावं लागतं. दिवेवाल्यांनी त्यांच्या अटी मानल्या नसतील. आणि कंपनीचे स्वतःचे दिवे पण आहेत ना विकायला.”

“म्हणजे दुसऱ्याचे दिवे पेटू नयेत म्हणून माझा फोन बंद?”

“तसं नाही बाबा. सुरक्षिततेसाठी करतात. बाहेरून काही आलं आणि फोन बिघडला, तर नाव त्यांचंच खराब होतं ना.”

“फोन माझा आहे,” मी म्हणालो. तो पुण्याच्या पैशाचा आहे, ही बारीक गोष्ट आम्हा दोघांनाही आठवली, पण पोरगा गुणी आहे, बोलला नाही. माझ्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. मी ठरवलं, काहीही होवो, कमळ उमलेल तर याच फोनवरून.

संध्याकाळी पानठेल्यावर हा विषय निघाला आणि मग आवरेना. सदाशिवराव कंपनीच्या बाजूने उभे राहिले. मी ज्या बाजूला नसतो ती त्यांची बाजू. “घर त्याचं, दार त्याचं,” ते म्हणाले. “कोणाले आत घ्यायचं ते तोच ठरवीन. तुमाले नसन पटत तर दुसऱ्याच्या घरी जा. त्यानं काय तुमाले हात धरून बोलावलं व्हतं?”

“विकलं ना त्याने? विकल्यावर घर कोणाचं?”

यावर शंकरसिंग पान तोंडात धरून हळूच म्हणाले, “मी एवढी वर्सं एसटीत तिकिटं फाडली. आर्णीचं तिकीट काढलेल्या माणसाले मी दारव्ह्याचे पेढे खाऊ नको असं कदी म्हटलं नाई.”

ते मला फार पटलं. मी त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि त्यांच्या पानाचे पैसे दिले. त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. तेव्हा मला वाटलं, पान आवडलं असेल.

दुसऱ्या दिवशी आयुषने एक आडवाट सांगितली. अ‍ॅप बसवायचंच नाही, दिवेवाल्यांचं पान नुसतं इंटरनेटवर उघडायचं आणि तिथूनच डबी चालवायची. पान उघडलंसुद्धा. कमळाचं चित्रही दिसलं. पण बटण दाबलं की काहीच होईना. आयुषने चौकशी करून कळवलं, की या फोनमधून इंटरनेटचं पान बघता येतं, पण त्या पानाला जवळच्या डबीशी बोलू द्यायचं नाही, असं कंपनीने आधीच ठरवून ठेवलंय. म्हणजे खिडकी दिली होती, पण तिला गज लावून. विमल म्हणाली, “अहो, सोडा ना. दुसऱ्या कोणाच्या फोनवरून लावा.” मी तिला घोषणा आणि बोलणं यांतला फरक समजावून सांगितला. ती भाजी निवडायला निघून गेली.

मग मी अमरावतीला गेलो. तिथे त्या फोनच्या दुरुस्तीचं दुकान आहे, काचेचं, आत इतकी थंडी की मला रुमाल कानाला बांधावा लागला. रुमाल बांधल्यावर फोन माझा चेहरा ओळखेना. काउंटरवरच्या पोराने विचारलं, “सर, फोन तुमचाच आहे ना?” मी रुमाल सोडून तोंड दाखवलं. त्याला बिल हवं होतं. बिल आयुषच्या नावावर. मग आयुषची परवानगी, आयुषचं ओळखपत्र, आणि ते सगळं माझ्याच फोनवर मागवायचं, जो त्यांनी तपासायला आत नेला होता. एवढं सगळं निभावल्यावर त्याने फोन परत दिला. “सर, यात बिघाडच नाही. फोन बरोबर चालतोय. अडवायला पाहिजे तिथे अडवतोय.”

“मग दुरुस्त करा ना ते.”

“बिघाड असता तर केला असता, सर.”

सरकारी खात्यात मी लोकांना पुष्कळ उत्तरं दिली आहेत. पण इतकं निर्दोष उत्तर मला कधी सुचलं नव्हतं. परतीच्या गाडीत मी हेल्पलाइनला फोन लावला. ती मुलगी फार गोड बोलायची. “सर, आपकी सुरक्षा ही हमारी प्राथमिकता है.” मी म्हणालो, “बेटा, मेरे को सुरक्षा नहीं होना, मेरे को कमल होना.” तिने मला थांबायला सांगितलं आणि बाभुळगाव जाईपर्यंत बासरी ऐकवली.

खरी गडबड त्यानंतर झाली. मला शंका आली, की फोन चांगला असून डबीच खराब असली तर? मग मी उगाच कंपनीच्या नावाने खडे फोडत बसलेलो असेन. खात्री करून घ्यावी म्हणून भरदुपारी, कोणी बघत नाही असं बघून, मी डबी पिशवीत घालून राठोडांच्या ओट्यावर गेलो. शंकरसिंगांनी आतल्या खाटेवरचा एक साधा, कोपरा तडकलेला फोन आतूनच उघडून घेऊन आणून दिला. छाप दाखवला. अ‍ॅप बसलं. डबी जोडली गेली. बटण दाबलं, आणि पिशवीतल्या नमुन्याच्या माळेवर इवलंसं कमळ उमललं. मला आनंदही झाला आणि वाईटही वाटलं. कारण ते माझ्या फोनवर उमललं नव्हतं. मी अ‍ॅप तसंच सोडून, घाईघाईने डबी उचलून निघालो.

याच वेळी दिवेवाल्यांच्या दुकानातून निरोप आला. त्यांचा माणूस म्हणाला, “साहेब, एक सांगायचं राह्यलं. डबी ज्या फोनाले पैल्यांदा जोडली, त्याच्याच ताब्यात राह्यते. मग दुसरा फोन तिले चालत नाई. चोरी-गिरी होऊ नये म्हणून.”

“आणि सोडवायची असली तर?”

“ज्याचा फोन हाय त्यालेच सोडता येते. नाईतर डबी इकडं पाठवा. दसरा झाल्यावर पाहू.”

आता माझ्यासारख्या निश्चयी माणसालाही खुर्चीवर बसावं लागलं. मी शंकरसिंगांना गाठलं. त्यांनी कान खाजवला. “साहेब, माह्यापाशी तर बटणाचा फोन हाय. तो फोन हिचा व्हता. हिच्याच बोटानं उघडते.”

हिचा म्हणजे बिजलीबाईंचा.

घटस्थापनेची संध्याकाळ आली. देवी वाजतगाजत लेआउटमध्ये शिरली. मांडवात माणसांना उभं राहायला जागा नव्हती, आणि देवीमागे काळ्या पडद्यावर न पेटलेल्या दिव्यांचं जाळं दिसत होतं. सदाशिवराव पुढच्या खुर्चीवर काठी मांडीवर आडवी ठेवून बसले होते. “अध्यक्ष साहेब, कमळ?” ते म्हणाले, आणि मागच्या पोरांनी तोच शब्द उचलला. विमलने मला घरून निघताना कपाळभर कुंकू लावलं होतं. त्यामुळे खिशातला फोन मला ओळखतही नव्हता. हे सगळं जमलं नाही तर आज रात्रीच अध्यक्षपद परत त्या काठीकडे जाणार होतं, हे मांडवातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. त्याहून वाईट म्हणजे, देवी अंधारात बसणार होती आणि ती माझ्यामुळे.

मी मान खाली घालून राठोडांकडे गेलो. बिजलीबाई ओट्यावर बसून फुलवाती वळत होत्या. नवी साडी नेसल्या होत्या, पण मांडवाकडे आल्या नव्हत्या.

“वहिनी, तुमचा फोन जरा हवा होता. मांडवात.”

त्यांनी वात पुरी केली. मग म्हणाल्या, “नाई भाऊ. तो बाहेरचा हाय.”

“बाहेरचा म्हणजे?”

“मांडवाबाहेरचा. घरी चार्ज केला हाय. तुमच्या माणसानं नाई केला. त्यानं कोणाले काई झालं म्हंजे? भाविकांची सुरक्षितता पाहा लागते न.”

आयुष बोलला होता, तो काचेच्या दुकानातला पोरगा बोलला होता, बासरीवाली बोलली होती, पण ते सगळं मला आता पहिल्यांदा नीट ऐकू आलं. शब्द माझेच होते. मला मनापासून लाज वाटली. आणि लाज वाटली की मला राग येतो, हा माझा स्वभाव आहे. पण या वेळी राग काढायला समोर मीच होतो.

“वहिनी, तो ठराव मी मागे घेतो,” मी म्हणालो.

“कसा घेता? फळ्यावर पंधरा दिवस लावा लागते म्हन्ते. यायनं सांगतलं मले.” त्यांनी शंकरसिंगांकडे बोट दाखवलं. शंकरसिंग दाराआड सरकले.

मला माझीच पाचर आडवी आली. पण मी आयुष्यभर नियम लिहिण्यातच घालवलेत, आणि नियम लिहिणाऱ्याला त्यातली फट ठाऊक असते. मी डोळे मिटून ठराव शब्दन् शब्द आठवला. ‘मांडवाबाहेर शिजलेला.’ आणलेला नव्हे, शिजलेला.

“तुमची लापसीची कढई कुठे आहे?” मी विचारलं.

“लापसी आज नसते भाऊ. अष्टमीले असते.”

“माहीत आहे. कढई द्या. ती आजपासून मांडवात राहील. चूल मांडतो देवीच्या उजव्या अंगाला. अष्टमीला मंडळाच्या आचारी तुम्हीच, तिथंच शिजवा. मांडवातच शिजली तर ती बाहेरची होत नाही.”

बिजलीबाईंनी माझ्याकडे बघितलं. हा माणूस थट्टा करतोय की काय, ते त्या तपासत होत्या. मग आत गेल्या आणि कढई घेऊन आल्या. ती मी डोक्यावर घेतली. ती एवढी जड असते हे इतकी वर्षं लापसी खाऊन मला माहीत नव्हतं. कपाळावर कुंकू, डोक्यावर उपडी कढई आणि मागून बिजलीबाई, अशी आमची वरात मांडवात आली.

सदाशिवराव काठी आपटून उठले. “हे काय? बाहेरची कढई मांडवात? ठराव कोणी केला व्हता?”

“मीच,” मी कढई खाली ठेवत म्हणालो. “वाचा परत. शिजलेला प्रसाद चालत नाही. कढई रिकामी आहे.”

त्यांनी कढईत वाकून बघितलं. खरंच रिकामी होती. मागून कोणीतरी म्हणालं, “अष्टमीले लापसी हाय म्हंजे?” आणि मांडवात जी कुजबुज उठली, तिच्यापुढे ठोंबऱ्यांचं काही चालण्यासारखं नव्हतं.

बिजलीबाईंनी फोनवर अंगठा ठेवला. मग त्यांनी बटण दाबलं. देवीमागे कमळ एकेक पाकळी करत उमललं, सिंहाची आयाळ हलली आणि महिषासुराचे डोळे असे पेटले की पुढच्या रांगेतलं एक पोरगं रडायला लागलं. “याडी, गोड मानून घे,” त्या हळूच म्हणाल्या. मी बाजूला उभा होतो. माझ्या खिशातला फोन मी तेवढ्यासाठी काढला आणि फोटो घेतला. फोटो तो फार सुंदर घेतो, हे मान्य केलं पाहिजे.

त्यानंतर रोज संध्याकाळी बिजलीबाई यायच्या, अंगठा ठेवायच्या, कमळ उमलायचं. मी शेजारी उभा राहायचो आणि लोक समजायचे की मी हुकूम देतोय. अष्टमीला मांडवात चूल पेटली. रांग गिरणीच्याही पुढे गेली. सदाशिवराव गुडघा धरून दोनदा आले, दुसऱ्यांदा ‘घरच्यांसाठी’ म्हणून. माझा नंबर आला तेव्हा कढईचा तळ दिसत होता. बिजलीबाईंनी खरवडून द्रोण भरला आणि मी तिथेच उभ्या-उभ्या बोटांनी खाऊ लागलो.

“भाऊ, उद्या मी चालली,” त्या म्हणाल्या. “फुलसावंगीकडं, तांड्यात. दसरा तिकडंच करतो आम्ही. फोन इथंच ठेवतो.”

“पण तो उघडणार कसा? तुमचं बोट लागतं त्याला.”

“म्हणून तर थांबली.” त्यांनी फोनवर काहीतरी उघडलं आणि तो माझ्यापुढे धरला. “ठेवा बोट. तुमचंबी टाकून देतो त्यात.”

मी घाईने अंगठा ठेवला. फोनने नकार दिला. मी परत ठेवला. परत नकार. मांडवात लोक बघत होते आणि मला वाटलं, हाही फोन मला आत घेत नाही. माझा चेहरा पडला असावा.

बिजलीबाईंनी आपला पदर पुढे केला. “तूप लागलं हाय बोटाले. पुसा अगुदर.”

मी अंगठा पुसला आणि ठेवला. या वेळी फोन काही म्हणाला नाही. तो उघडला.